दिवाणखान्यातली खाडी

आमच्या घराण्याला मासा माहीत होता तो दशावतारातला. पहिलाच अवतार, म्हणून चित्रात डावीकडच्या कोपऱ्यात. कमरेखाली खवले आणि डोक्यावर किरीट. याखेरीज माझी रास मीन. एवढ्या भांडवलावर मी बासष्ट वर्षं काढली. जिवंत मासा कधी हातात धरला नाही, मेलेला धरला नाही, आणि लग्नानंतर घरात शिजायला लागला तेव्हाही पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसण्यापलीकडे त्याच्याशी संबंध वाढवला नाही. अशा माणसाने गेल्या चार महिन्यांत ११९ मासे पकडले आहेत. वजनासकट नोंद आहे. वही दाखवू शकतो.

सगळे मासे एकाच जातीचे, ब्लॅक बास. आणि सगळे आमच्या दिवाणखान्यात, सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या साडेसहा फुटांत धरलेले.

याला कारण माझा भाचा. तो हिंजवडीला संगणकाचं काहीतरी करतो आणि उरलेल्या वेळात जुने व्हिडिओ गेम जमवतो. जुने म्हणजे त्याच्या लहानपणी परदेशातल्या मुलांकडे होते आणि त्याच्याकडे नव्हते, ते. त्याच्याकडे होतं ते कुठल्यातरी नकली कंपनीचं खोकं आणि त्यात खुपसायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं असे '९९९९९९ इन १'. आत खेळ अकरा, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. चालली नाही की कॅसेट उपसायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत खुपसायची. माझ्या बहिणीच्या घरी चुलीत फुंकर घालणारी पिढी संपली आणि कॅसेटमध्ये फुंकर घालणारी आली, यात फार तर दहा वर्षांचं अंतर असेल.

आता हातात पगार आहे, म्हणून तो त्या लहानपणाची डागडुजी करतो. गेल्या श्रावणात एका रविवारी तो पांढरं चौकोनी यंत्र काखोटीला मारून आला. सेगा या जपानी कंपनीचा 'ड्रीमकास्ट'. सोबत एक तबकडी, तिच्यावर 'सेगा बास फिशिंग'. आणि पिशवीतून सगळ्यात शेवटी त्याने काढली ती गळाची काठी. भर श्रावणात घरात मासा आणल्याबद्दल मामीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती साबुदाणा भिजवायला निघून गेली.

काठी म्हणायची ती केवळ सवयीने. कोणीतरी चांगली लांबलचक काठी मुठीपाशी तोडून बाकीची फेकून दिली असावी, असा तो प्रकार. जाडसर प्लॅस्टिकची मूठ, अंगठ्याखाली दोन-चार बटणं, बाजूला गुंडाळायची चक्री. दोरा नाही, आकडा नाही, शेंडा नाही. जिथे गांडूळ लावायचं तिथून एक वायर निघते आणि यंत्रात जाते. म्हणजे गळाला लागलेली वस्तू पहिल्या मिनिटापासून टीव्हीखालीच ठेवलेली होती.

या यंत्राची एक खोड आधी सांगून टाकतो. त्याच्या पोटात घड्याळापुरती एक बॅटरी असते, ती पंचवीस वर्षांत केव्हाच मेली. त्यामुळे सुरू केलं की यंत्र आधी तारीख विचारतं, आणि स्वतःच एक सुचवतं: २७ नोव्हेंबर १९९८. जपानात ते पहिल्यांदा दुकानात आलं तो दिवस. पहिला आठवडाभर मी दर वेळी खरी तारीख भरली. बँकेत तीस वर्षं तारखेचा शिक्का मारलेला माणूस. मग नाद सोडला. दुपारची झोप काढून उठलेल्या म्हाताऱ्याने भलताच वार सांगितला तर आपण त्याच्याशी हुज्जत घालत नाही. वहीतही मी तीच तारीख लिहू लागलो. त्यामुळे कागदोपत्री पाहिलं तर, तो पहिला आठवडा सोडता, माझे सगळे मासे एकाच दिवशी लागलेले आहेत.

"मामा, मूठ मागे न्या आणि पुढे झटका द्या," भाचा म्हणाला. मी मागे नेली तेव्हा फुलदाणी गेली, पुढे झटकली तेव्हा पडद्यावरच्या माणसाने तळ्यात गळ फेकला. आणि लगेच आपण पाण्याखाली गेलो. खऱ्या गळवाल्याला जे सात जन्मांत दिसत नाही ते इथे पहिल्याच फेकीला दिसतं. हिरवट उजेड, शेवाळ, बुडालेला ओंडका, आणि मधोमध आपलं प्लॅस्टिकचं आमिष शेपूट हलवत चाललेलं. एक जाडजूड बास आला. आमिषाभोवती फिरला. नाकाशी येऊन थांबला, वरखाली न्याहाळलं, आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखा 'कळवतो' म्हणून निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्याने मात्र होकार दिला. पडद्यावर ढब्बू अक्षरांत 'फिश!' उमटलं, गिटार कडाडली आणि माझ्या मुठीत कोणीतरी आतून धडपडू लागलं.

मी घाबरून मूठ सोडून दिली. भाच्याने ती वरच्यावर झेलली आणि परत माझ्या हातात कोंबली. "गुंडाळा मामा, गुंडाळा!" मी गुंडाळू लागलो. पडद्यावर दोऱ्यावरचा ताण दाखवणारी एक पट्टी असते. ती लाल झाली की समजायचं, दोरा तुटणार. हात सैल सोडला तर मासा तोंड झटकून मोकळा. पहिले चार मासे मी तोडले, पुढचे चार सोडले. मग लक्षात आलं की हे आपल्याला येतं. संक्रांतीला वाड्याच्या गच्चीवर हेच तर करायचो. तिथे पतंग वर असायचा, इथे मासा खाली आहे, बाकी व्यवहार तोच. थोडी ढील, थोडी खेच, फिरकी धरणाऱ्याला शिव्या. नववा मासा काठाला आला. आतल्या इंग्रजी निवेदकाने तो लहान असल्याचं सगळ्यांसमक्ष जाहीर केलं. वजन आकड्यात पडलं आणि मासा दिसेनासा झाला.

"गेला कुठे?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. ती मालवणकडची, खाडीकाठी वाढलेली. अशा वेळी मासा कुठे जातो हा प्रश्न तिच्या लेखी फार महत्त्वाचा.

"सोडला," भाचा म्हणाला.

"सोडायचाच होता तर धरला कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले. निवृत्त माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे विचारलेला तो वाया घालवत नाही.

उत्तर अमेरिकेत सापडलं. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची स्पर्धा भरवली आणि पुढे तिची एक संघटनाच उभी केली. नियम, वजनकाटे, बक्षिसं, गणवेशासारखे शर्ट, सगळं क्रिकेटच्या तोडीचं. १९७२पासून त्याने एक पद्धत रुजवली: मासा बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. एकदा धरलेलं गिऱ्हाईक सोडायचं नाही हा ज्या धंद्याचा बाणा, त्या विम्याच्या धंद्यातल्या माणसाला हे सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं.

हा नाद व्हिडिओ गेममध्ये उतरला यात मात्र नवल काही नाही. १९८०मध्येच डेव्हिड क्रेनने अटारी यंत्रासाठी 'फिशिंग डर्बी' लिहिला होता. समोरासमोरच्या दोन धक्क्यांवर दोन माणसं बसलेली, मधल्या पाण्यात माशांच्या रांगा. आधी ९९ पौंड भरतील तो जिंकला. वरच्या थरात एक शार्क फिरतो आणि वर ओढत आणलेला मासा मधल्यामध्ये गट्ट करतो. ज्या यंत्राची स्मृती सगळी मिळून १२८ बाइट होती, म्हणजे लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढ्या दोन-चार ओळीसुद्धा जिच्यात जेमतेम बसतील, त्यात मासे, दोरा, दोन माणसं आणि फुकट्या शार्क. शार्कसाठी जागा काढली याअर्थी क्रेनला माणसांच्या जगाची चांगली माहिती असावी. मग जपानी मंडळी आली. हॉट-बी कंपनीचा 'द ब्लॅक बास' १९८९ साली अमेरिकेत विकला गेला. आणि १९९७मध्ये सेगाने 'गेट बास' नावाने गेम पार्लरमध्ये मोठं यंत्र आणलं, त्याला खेळणाऱ्याने धरायची गळाची काठी जोडलेली. माझ्या दिवाणखान्यात आहे ते त्याचंच १९९९ सालचं घरगुती रूप.

प्रश्न एवढाच उरला की अमेरिकेतल्या तळ्यातला मासा जपानी कंपनीला एवढा जवळचा कसा. तर तो तिथे नेऊन सोडलेला होता. १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने तो अमेरिकेतून आणून हाकोनेजवळच्या आशी तलावात सोडला. खायला होईल, गळ टाकायला होईल, असा दुहेरी हिशेब. पुढे तो देशभर पसरला आणि तिथले मूळचे लहान मासे फस्त करू लागला. १९६०मध्ये युवराज अकिहितो अमेरिकेला गेले, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल जातीचे मासे भेट दिले. यजमानाने दिलेलं नाकारता येत नाही, हे आपल्याकडच्या स्टीलच्या डब्यांवरून कोणालाही पटावं. ते मासेही पुढे मोकळ्या पाण्यात गेले आणि माजले. अकिहितो स्वतः माशांचे अभ्यासक. आपल्या खाडीतल्या निवटीच्या भाऊबंदांवर, गोबी माशांवर, त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत. २००७ साली, सम्राट असताना, बिवा तलावाच्या काठी त्यांनी या गोष्टीचं दुःख जाहीरपणे बोलून दाखवलं. भेटवस्तूबद्दल सत्तेचाळीस वर्षांनी मोकळं होणारा तो बहुधा एकटाच राजा.

आज जपानात बास जिवंत बाळगणं, नेणं-आणणं, नव्या पाण्यात सोडणं २००५पासून लागू झालेल्या कायद्याने गुन्हा आहे. बिवा तलावात तर २००३पासून पकडलेला बास परत सोडायलाच मनाई. तो टाकायला काठावर पेट्या ठेवलेल्या आहेत. म्हणजे बीव्हर लेकवर धरलेला मासा सोडणं हे पुण्य आणि बिवाच्या काठी तेच पाप. आपण हसायला नको. लोणावळ्याच्या पैदास केंद्रातली महसीरची पिल्लं गळवाल्यांच्या हौसेसाठी कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा, केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर आज संपायच्या काठावर आहे. या सगळ्यात अत्यंत सज्जन बास कोणता असेल तर तो माझ्या टीव्हीतला. कितीही धरा, कितीही सोडा. तो कोणाला खात नाही, अंडी घालत नाही, आणि बटण दाबलं की तळ्यासकट झोपी जातो.

हे मी बायकोला ऐकवलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि विचारलं, "जगातला सगळ्यात मोठा बास कोणी धरला? त्यानेही सोडला?"

मी शोधलं. जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने, २ जून १९३२ रोजी. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या किंचित वर. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. पण तो मंदीचा काळ होता. पेरीने मासा वजन करून घरी नेला आणि कुटुंबाने खाल्ला.

"शहाणा माणूस," बायको म्हणाली.

पुढची गोष्ट तिला आणखी आवडली. पेरीचा विक्रम सत्याहत्तर वर्षं टिकला. मग २ जुलै २००९ला मानाबू कुरिता या जपानी गळवाल्याने नेमका बिवा तलावात जेमतेम एक औंस जास्त वजनाचा बास धरला. पण जागतिक संघटनेचा नियम असा की जुना विक्रम मोडायचा तर निदान दोन औंस जास्त हवेत. म्हणून दोघांची बरोबरी. औंसाचा खल करणारी ही माणसं पाहून मला आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याची आठवण झाली. कुरिताने गळाला आमिष काय लावलं होतं? जिवंत ब्लूगिल. युवराजाला मिळालेल्या भेटीचा वंशज तोंडात धरून अमेरिकेतून आणलेल्या पाहुण्याच्या वंशजाने अमेरिकेच्या विक्रमाशी बरोबरी केली. एवढी वर्तुळं आपल्याकडे फक्त पुराणात पूर्ण होतात.

कार्तिकात माझे सासरे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ८४, निवृत्त शाळामास्तर, आणि खाडीवर गरवायला जाणं हा आयुष्यभराचा नेम. गरी म्हणजे गळाचा आकडा आणि गरवणं म्हणजे तो टाकून बसणं, एवढं मी लग्नानंतर शिकलो होतो. मोतीबिंदू काढायला ते पुण्यात आले होते आणि डॉक्टरांनी तीन आठवडे राहायला सांगितलं होतं. पुण्यात खाडी नाही ही या शहराबद्दलची त्यांची तक्रार १९८७पासूनची.

चौथ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी मला दिवाणखान्यात मूठ झटकताना पाहिलं. बराच वेळ ते शेजारी बसून राहिले. मला वाटलं, कौतुक करतील. पाण्याखालचा देखावा, आमिषाशी येणारे मासे, सगळं त्यांनी नव्या डोळ्याने नीट बघितलं आणि म्हणाले, "सगळा दिसता, मगे गरवच्यात गंमत ती काय रवली?"

मी थांबलो. वीस वर्षं जमाखर्च जुळवणाऱ्या माणसाला अचानक कोणीतरी खात्याचं नावच चुकलंय म्हणून सांगावं, तसं झालं. आबांनी आयुष्यभर जे केलं ते हेच: पाण्याखालचं मनात बघायचं. वर नुसतं गढूळ पाणी. दोऱ्यावर बोट ठेवायचं आणि बोटाला कळेल त्यावरून ठरवायचं, खेकडा कुरतडतोय की शेंगटी चाटतेय की गरी दगडात अडकलीय. पाणी खोलून दाखवायची सोय नसल्यामुळेच त्यांना पाण्यातलं एवढं माहीत होतं.

मी मूठ त्यांच्या हातात दिली. भाच्याने समजावलं, फेका, गुंडाळत राहा, आमिष हललं पाहिजे. आबांनी फेकलं. आणि मग काहीच केलं नाही. मूठ मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले. पडद्यावर वेळ धावत होता, कारण या खेळात घड्याळ पाठीमागे लागलेलं असतं. गेम पार्लरमध्ये जन्मलेला खेळ, नाणं टाकणाऱ्याला जास्त वेळ बसू देणं मालकाला परवडत नाही. आमिष तळाला जाऊन पडलं. मासे येऊन त्याच्यावरून पोहत गेले.

"आबा, गुंडाळा ना!" भाचा कळवळला.

"तुमका घाई आसा," आबा डोळे न उघडता म्हणाले. "माशाक नाय."

वेळ संपला. खेळ हरल्याचं यंत्राने सांगितलं, ते आबांना ऐकू आलं नाही. भाच्याने पुन्हा सुरू करून दिला. असे ते तीनदा हरले आणि अतिशय प्रसन्न होऊन जेवायला उठले. वहीत मी नोंद केली: '२७ नोव्हेंबर १९९८. आबा. मासा नाही.' शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं: 'समाधानी'.

त्या रात्री भाच्याने त्यांना आणखी एका खेळाची गोष्ट सांगितली. गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा, 'लेजंड ऑफ द रिव्हर किंग'. एका मुलाची धाकटी बहीण आजारी पडते आणि नदीचा राखणदार मासा मिळाला तरच ती बरी होणार असते; म्हणून तो गळ घेऊन निघतो. आबा ताडकन उठून बसले. "राखणदाराक गरी? मगे हो भाऊसुद्धा आजारी पडतलो!" कोकणात राखणदाराची चेष्टा नाही. महाडच्या बाजूला वाळणकोंडीतल्या देवीच्या माशांना गळ लावायचं कोणाच्या मनातही येत नाही; लोक त्यांना कुरमुरे घालतात आणि हात जोडतात. जपानी मुलगा ज्या उपायाने बहिणीला बरं करतो, त्याच उपायाने आमच्याकडे अख्खं घर अंथरुणाला खिळेल.

आबा गेले आणि मी पुन्हा एकटा गरवू लागलो. पण त्यांचा प्रश्न दिवाणखान्यातच राहिला. सगळं दिसत असताना गंमत ती काय उरली? वास नाही, चिखल नाही, वाट पाहणं नाही, मासा तर नाहीच. मग मी दर संध्याकाळी तिथे करतो काय? 'गळाला मासा लागला नाही, मीच लागलो' असं वाक्य इथे लिहायचा मोह होतो. पण ते इतकं हाताशी आहे की खोटंच असणार.

एकदा मी डोळे मिटून खेळून पाहिलं, आबांसारखं. फेकलं, हळूहळू गुंडाळत राहिलो. बराच वेळ काही नाही. आणि मग मुठीत ती धडपड. आत काय आहे ते भाच्याने मला सांगितलेलं आहे: एक बारकी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला तुकडा; तो फिरला की मूठ थरथरते. माझ्या ११९ माशांचं सगळं सत्त्व तेवढंच. तरी हाताला ते पटत नाही. डोळे मिटलेले असले की हात म्हणतो, पलीकडे कोणीतरी आहे आणि ते ओढतंय.

आपल्या भाषेने यासाठी शब्द मोठा नामी ठेवला आहे. दोरीला लागते तीही ओढ आणि मनाला लागते तीही ओढच. घराची ओढ, माहेराची ओढ. वासरू ओढाळ, संसार म्हणजे ओढाताण, आणि गावाबाहेरून वाहतो तो ओढा. हे सगळे शब्द एका घरातले की नुसते शेजारी, ते भाषेच्या पंडितांनी ठरवावं. मला एवढं कळलं की रे स्कॉटने मासा सोडला आणि ओढ ठेवली, सेगाने तर पाणीसुद्धा सोडलं आणि ओढ ठेवली. आणि तेवढ्यावर माणूस साडेसहा फुटांच्या खाडीकाठी चार महिने बसू शकतो. भाचा ज्या दिवसासाठी हे खोकं घेऊन आला तो २७ नोव्हेंबर १९९८ त्याला मिळणार नाही. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि कॅसेटमध्ये फुंकर मारत होता. पण दोरा तिकडून ओढला जातो खरा. याच मुठीने तो तलवारबाजीचा 'सोलकॅलिबर'ही खेळतो. ड्रीमकास्ट त्याला हरकत घेत नाही. गळाची काठी परजत चौतिसाव्या वर्षी तो जे काही शत्रू मारतो, त्यांतले निम्मे नववीतल्या गणिताच्या सरांसारखे दिसत असावेत.

परवा गुरुवारी संध्याकाळी मी सुरू करायला बसलो आणि बायको येऊन शेजारी बसली. "द्या इकडे," म्हणाली. लहानपणी ती आबांबरोबर गरवायला जायची, हे मला तीस-पस्तीस वर्षांत दोनदा सांगून झालेलं. मी दोन्ही वेळा पेपर वाचत होतो. तिने मूठ घेतली. झटका नाही, काही नाही; मनगट जरा वळवलं आणि आमिष बरोबर त्या बुडालेल्या ओंडक्याशी पडलं. मी तोंड उघडलं तशी तिने दुसरा हात वर केला. मी मिटलं.

मासा आला. फिरला. गेला. परत आला. तिचा अंगठा चक्रीवर नुसता टेकलेला होता. मग मूठ थरथरली आणि ती पदर खोचून उभी राहिली. पट्टी लाल होऊ लागली की ती ढील द्यायची, उतरली की घ्यायची, आणि मधूनच टीव्हीकडे बघून, लग्नानंतर मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलेल्या भाषेत, पुटपुटायची, "वायच थांब… वायच थांब…" ते माशाला होतं की आणखी कोणाला, मी विचारलं नाही. मासा काठाला आला. सात पौंड चौदा औंस. माझ्या वहीत एवढा मोठा एकही नाही. आतल्या निवेदकानेही आवाज चढवला. तिने मूठ माझ्या मांडीवर ठेवली आणि आबांना फोन लावायला आत गेली.

मी वही काढली आणि नोंद केली: '२७ नोव्हेंबर १९९८. ही. ७ पौंड १४ औंस. सोडला.'

सकाळी चहा घेताना वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यातला 'सोडला' हा शब्द खोडलेला होता आणि त्याच्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तिरफळं कमी पडली.'